बादलीतलं धोतर

"धोतर बादलीत भिजत घातलंय. सोडा बेतानं घाल, विरतं ते."

तुरुंगात तात्यासाहेब माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी नमस्काराला वाकलो होतो. वाकलेलाच राहिलो. बादली पायाशीच होती.

तात्यासाहेब फणसवाडीतले वकील. दर रविवारी सकाळी त्यांच्या दिवाणखान्यात वर्ग भरायचा, समाधानी जीवन कसं जगावं याचा. मी परळच्या गिरणीत साच्यावर, कापड विणायला. छातीत कापूस इतका, की खोकलो तर उशी भरावी. मोर्च्यात त्यांनी माझा आवाज ऐकला. आवाज असा, की मी लालबागला घोषणा दिली तर चौपाटीवर भेळवाल्याचे कुरमुरे उडायचे. खोटं वाटलं तर त्या भेळवाल्याला विचारा.

"हिरा आहेस. पैलू पाडतो," म्हणाले. पाडलेसुद्धा. पेपर घडाघडा वाचायला शिकवलं, सभेत ताठ उभं राहायला शिकवलं. ते मी नाकारत नाही. वर शब्द दिला, फोर्टातल्या ऑफिसात चिकटवतो, पंख्याखाली बसशील. त्या एका पंख्यासाठी मी वर्षानुवर्षं रविवार वाहिले. बाकीचे आत गालिच्यावर, मी दारातल्या पायरीवर.

"तिथं तुला वारा लागतो," तात्यासाहेब म्हणायचे.

वारा तर असा, की आतला चहा माझ्यापर्यंत येता येता कपबशीसकट उडून जायचा. आणि आतून उपदेश यायचा, "जे मिळालं त्यात रमणं म्हणजे समाधान." मी मान डोलवायचो. उपाशीपोटी मान छान डोलते.

संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह झाला. आम्ही एकाच गाडीतून पकडले गेलो. "आता आत सगळे सारखे," तात्यासाहेब गाडीत म्हणाले. माझ्या अंगावर काटा आला. तुरुंगाच्या दारात जेलरसाहेबानं विचारलं, शिक्षण काय, धंदा काय. वकील ब वर्गात. खाट, खुर्ची, दूध, पाव. गिरणीवाला क वर्गात. घोंगडी आणि थाळी. चळवळ एक, पंगती दोन.

आठवडाभरानं वॉर्डर आला. "चल, वकीलसाहेबांनी तुझ्यासाठी शब्द टाकलाय."

मला वाटलं, चढलो! गुरूनं मला वर ओढून घेतलं! मी बराकीत उभा राहून निरोपाचं भाषण ठोकलं, त्यात फोर्टातला पंखाही आला. घोंगडी शेजारच्या बाबलमामांना दिली. म्हातारा विणकर, मालवणकडचा, थंडीनं कुडकुडायचा. थाळी दुसऱ्याला. दूध मिळालं की अर्धं इकडे पाठवीन, असं वचनही देऊन टाकलं. बराकीनं टाळ्या वाजवल्या.

आणि पुढे ती बादली. ब वर्गाला कामाला माणूस मिळतो. तात्यासाहेबांनी मला मागून घेतला होता. छत्री मागून घ्यावी तसा.

मी धोतर धुतलं. पिळलं. वाळत घातलं. ज्याला घरात चहा देता येत नव्हता, त्याच्याकडून धोतर धुऊन घेता येत होतं. काम झाल्यावर त्यांनी पावाची कड पुढे केली.

"खा. जीव आहे तुझ्यावर म्हणूनच तुला मागितला. नाहीतर ढीगभर आहेत."

कड मी खाल्ली. भूक होती.

संध्याकाळी बराकीत परत. बाबलमामा घोंगडी गुंडाळून बसलेले.

"काय रे, जावय झालंस काय वकिलाचो? दूध खंय?"

बराक हसली. तुरुंगाचं छप्पर वीतभर वर गेलं आणि परत बसलं. मी हात पाठीमागे लपवले. मग मामांनी माझा हात धरून बघितला. सोड्यानं बोटं पांढरी, सुरकुतलेली. त्यांचं हसू गेलं. घोंगडी माझ्या अंगावर टाकली.

"पंख्याखाली बसलंस तरी धोतर तुकाच धुवचा लागतला, झिला."

पहाटे भिंतीपलीकडून आमच्या गिरणीचा भोंगा झाला. रोज मला उठवणारा. त्या दिवशी मी आधीच जागा होतो.

सकाळी पुन्हा वॉर्डर. पुन्हा ब वर्ग. तात्यासाहेब खुर्चीत, हातात चहा. "आज बंडीपण आहे हं."

मी बादली उचलली. त्यांच्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवली.

"तात्यासाहेब, तुम्ही आत कशासाठी आलात?"

"हे काय विचारणं? संयुक्त महाराष्ट्रासाठी."

"मीपण. धोतरासाठी नाही."

परळ हलवणारा माझा आवाज. त्या सकाळी शेळीएवढा निघाला. पण निघाला.

त्यांनी कप खाली ठेवला. चिडले नाहीत. वकील चिडत नाहीत. "नोकरीचं विसरलास वाटतं. मी तुला माणसात आणला, बाळ. तुला नक्की पाहिजे तरी काय?"

इतक्या रविवारांत हा प्रश्न त्यांनी कधी केला नव्हता.

"तुमच्या शेजारी खुर्ची. आणि चहा."

"इथं खुर्ची एकच आहे."

"मग मी उभा राहतो. धुणार नाही."

उभा राहिलो. सभेत राहायचं तसा, ताठ. त्यांनीच शिकवलं होतं. वॉर्डरनं दंडाला धरून बराकीत आणून टाकलं. दुसऱ्या दिवशी ब वर्गाला दुसरा माणूस गेला.

पुढे राज्य मिळालं. मुंबईसकट. ऑफिस नाही मिळालं. फणसवाडीत तात्यासाहेबांचा सत्कार झाला, त्यागावर भाषणं झाली. मी साच्यावर होतो. अजून आहे. खोकला वाढलाय.

रविवारी आमच्या चाळीच्या गॅलरीत मी मोठ्यानं पेपर वाचतो. जो येतो तो मध्ये बसतो. उंबऱ्यावर कोणी टेकला तर मी वाचन थांबवतो. तो आत आल्याशिवाय पुढची ओळ नाही. चहा सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही.

मला समाधान हवंय. मी ते सोडलेलं नाही. पण ते मला शिकवायला जो येईल, त्यानं आधी आपलं धोतर आपण धुऊन यावं.