चार फुटी टाकीचं पाणी

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिचे दोन गोल्डफिश माझ्या सासऱ्यांच्या वाट्याला आले. ती सातवीत असताना बोटाएवढे आणले होते, आता तळहातावर मावले नसते. दीड फुटी टाकीत एकाला वळायचं तर दुसऱ्याला थांबावं लागे. सासऱ्यांनी दोन-तीन दिवस ते नुसतं पाहिलं आणि मग जेवताना जाहीर केलं, की यांना मोठी जागा पाहिजे.

सासरे जन्मापासून हैदराबादचे. इथल्या एका मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. मी पुण्याहून लग्न होऊन नल्लकुंट्यातल्या या घरात आले त्याला एकोणीस वर्षं झाली होती. आमच्यात कधी वाकडं बोलणं झालं नव्हतं, पण चहा, औषधं आणि वर्तमानपत्र यांच्यापुढे सरळ बोलणंही फारसं गेलं नव्हतं.

मलकपेठेतल्या एका जुन्या दुकानातून चार फुटी टाकी आली. दुकानदार साठीचा, दोन्ही बाह्या कायम कोपरापर्यंत ओल्या. टाकी भरली की त्याच संध्याकाळी मासे सोडायचे, अशी माझी आणि सासूबाईंची समजूत होती. सासऱ्यांनी ती मोडून काढली. नव्या पाण्यात माशांची घाण पडते, तिचा अमोनिया होतो, तो विषारी असतो. त्याला आधी एका जातीचे जिवाणू खातात, त्यातून दुसरं विष तयार होतं, ते दुसरे जिवाणू खातात. हे सगळे जिवाणू वाढायला महिनाभर तरी लागतो, तोवर टाकी रिकामीच चालवायची. हे जिवाणू राहतात कुठे, तेही त्यांनी सांगितलं असणार. मी तेव्हा ऑफिसचे मेसेज बघत होते.

मग रोज सकाळी आंघोळीनंतर सासरे खिडकीशी उभे राहू लागले. परीक्षानळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब मोजून घालायचे, हलवायचं आणि रंग उजेडात बघायचा. अमोनिया असेल तर हिरवा, नसेल तर पिवळा. निवृत्तीनंतर त्यांचे हात असे चालताना मी पहिल्यांदाच पाहत होते. रिकाम्या टाकीत ते चिमूटभर माशांचं खाणंही टाकत, म्हणजे जिवाणूंना काहीतरी मिळेल. जुन्या टाकीच्या फिल्टरमध्ये दोन स्पंज होते, त्यातला एक त्यांनी नव्या टाकीत आणून ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "लोकांच्या घरी पाहुण्यांना मासे दाखवतात, आपल्याकडे पाणी दाखवतात."

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी घर आवरायला काढलं. सासरे हिमायतनगरला एका जुन्या सहकाऱ्याकडे गेले होते. पडदे उतरवले, पंखे पुसले, आणि त्या लखलखीत नव्या टाकीत तपकिरी, बुळबुळीत स्पंज तरंगताना दिसला. मला ते बघवेना. काढला आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली पिवळाधमक होईपर्यंत पिळून पिळून धुतला. चांगलं काम अर्धवट कशाला ठेवायचं, म्हणून जुन्या टाकीतला दुसराही काढून धुतला. दोन्ही जागच्या जागी ठेवले आणि समाधानाने चहा घेतला.

बुधवारी सकाळी जुन्या टाकीत दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेत होते. सासऱ्यांनी नळीत पाणी घेतलं, ते गडद हिरवं झालं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. ते स्वतःशीच पुटपुटत काय चुकलं ते शोधू लागले. त्यांनी फिल्टर उघडला आणि स्वच्छ स्पंज हातात धरून तसेच उभे राहिले.

मी म्हणाले, "बाबा, ते मी धुतले. दोन्ही. नळाखाली."

त्यांनी स्पंज परत फिल्टरमध्ये ठेवला. मग त्यांनी समजावून सांगितलं, की जिवाणूंची सगळी वस्ती त्या स्पंजातच होती आणि नळाच्या क्लोरीनने ती मेली. आवाज अगदी वर्गातला, सावकाश. माझे डोळे भरून आले. मुलीला काय तोंड दाखवू, एवढंच मनात होतं. ते त्यांनी पाहिलं असावं.

"प्रयोगशाळेत मी पहिल्या तासालाच सांगायचो, मला विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका म्हणून," ते म्हणाले. "घरात सांगायचं राहिलं. चल, बादल्या काढ."

त्या दिवसापासून रोज सकाळी आम्ही दोघं जुन्या टाकीतलं अर्धं पाणी काढून, क्लोरीन घालवलेलं पाणी भरू लागलो. नळाला मंजीरा नदीचं पाणी एक दिवसाआड येई, ते मी दोन दिवसांचं बादल्यांमध्ये भरून ठेवी, म्हणजे क्लोरीन उडून जाई. बादली मी उचलायची, नळी त्यांनी धरायची. पाणी हळूहळू उतरत असताना बोलायला वेळ मिळे. त्यांना खरं तर संशोधन करायचं होतं, हे मला तिथेच कळलं. वडील लवकर गेले, धाकट्या दोन बहिणी होत्या, म्हणून नोकरी धरली. मला पहिली दोन वर्षं हे शहर अजिबात आवडलं नव्हतं, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, "माहीत होतं मला. पण विचारायचं कसं, ते कळलं नाही."

शनिवारी ते म्हणाले, मलकपेठेला जाऊन येऊ. दुकानदाराला मी सगळं कबूल केलं. तो हसला नाही. आत गेला, आपल्या सर्वांत मोठ्या टाकीतून काळपट स्पंजाचा एक तुकडा कापून आणला आणि पाणी भरलेल्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

"बीस बरस का मैल है, अम्मा," तो म्हणाला. "इसको धोना नक्को."

रिक्षात ती पिशवी मी दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले. खड्डा आला की सासरे रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगत.

तो तुकडा आम्ही नव्या टाकीच्या फिल्टरमध्ये ठेवला. आठवड्याभरात हिरवा रंग फिका होत गेला. मग दुसऱ्या विषाची चाचणी, जी विष नसताना निळी येते, ती जांभळी यायला लागली आणि दहा-बारा दिवस जांभळीच राहिली. मी रोज वैतागत होते, सासरे रोज म्हणत होते की हे असंच व्हायला हवं. एका सकाळी त्यांनी नळी माझ्याच हातात दिली. थेंब मी मोजले, हलवलं, खिडकीशी धरलं. पाणी आकाशी निळं होतं.

"अजून दोन दिवस बघू," ते म्हणाले, पण त्यांना हसू आवरत नव्हतं.

दोन दिवसांनी मासे बादलीत घेतले, दर पाच मिनिटांनी नव्या टाकीतलं एक-एक वाटी पाणी त्यात घातलं आणि तासाभराने त्यांना सोडलं. सासूबाईंनी खुर्ची ओढून टाकीसमोर मांडली. दुपारपर्यंत दोघं एकाच कोपऱ्यात बिलगून होते. मग मोठा निघाला आणि एका दमात पार दुसऱ्या टोकाला गेला. सासूबाई म्हणाल्या, गेला बघा फिरायला.

संध्याकाळी सासऱ्यांनी नातीला व्हिडिओ कॉल लावला. एवढे दिवस का लागले, असं तिने विचारलं. नवं पाणी म्हटलं की वेळ लागतोच, एवढंच ते म्हणाले. स्पंजाचं नावही काढलं नाही. मीच फोन हातात घेतला आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती हसायला लागली आणि मला चिडवतच राहिली. सासरे खुर्चीत बसून ऐकत होते. "तिला काही म्हणू नकोस," मागून त्यांनी नातीला बजावलं, "रोजच्या बादल्या तिनेच उचलल्या आहेत."