सोवळं पाळणारं कुत्रं

आमच्या घरात सोवळं कुणी मनापासून पाळलं असेल तर ते कुत्र्यानं. आम्ही भावंडांनी नव्हे, हे आता कबूल करायला हरकत नाही. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मी दहा-अकरा वर्षांची, आणि सेनगावच्या वाटेवरच्या आमच्या खेड्यात महादेवाची पूजा माझ्या वडिलांकडे होती.

ते कुत्रं पिल्लू असताना आपणहून ओसरीवर आलं आणि राहिलं. नाव काही ठेवलं नाही. यू यू केलं की हजर. ओसरी त्याची, उंबऱ्याच्या आत आमचं, ही हद्द आईनं त्याला एकदाच लाटणं उगारून दाखवली. पुन्हा म्हणून सांगावं लागलं नाही. मी मात्र ओसरीवर त्याला कुशीत घ्यायची, मग तशीच चुलीपाशी जायची आणि रोज बोलणी खायची. थंडीत ओसरीवर पाढे म्हणत बसले की ते माझ्या पायांवर पसरायचं. काय ऊब होती बाई त्या अंगाला!

वडिलांशी त्याचं वागणं वेगळंच. विहिरीवर आंघोळ करून, ओलेत्यानं, कळशी घेऊन ते देवळाकडे निघाले की हे चार हात पुढे चालायचं. वाटेत कोंबडी आली, आम्ही पोरं आलो, तर गुरगुरून बाजूला करायचं. पण स्वतःची शेपटीसुद्धा त्यांच्या धोतराला लागू द्यायचं नाही. गावातले लोक चेष्टेनं म्हणत, हे मागल्या जन्मीचं भिक्षुक आहे. वडीलही त्याला कधी शिवले नाहीत. परतताना लांबूनच भाकरी टाकायचे.

श्रावणातला सोमवार होता. वडिलांच्या अंगात आधीच तापाची कसर होती आणि त्यात उपवास. आई नको नको म्हणत असताना ते निघाले. मी बेलाची परडी घेऊन मागं राहिले होते. देवळाच्या वळणावर आले आणि पाहिलं. वडील चिखलात आडवे, कळशी कलंडलेली, आणि कुत्रं त्यांच्या छातीवर पाय देऊन धोतर दातांनी ओढत होतं.

माझ्या डोक्यात एकच आलं. हे कुत्रं शुद्धीत असतं तर वडिलांना शिवलंच नसतं. मी बोंब ठोकली, "कुत्रं पिसाळलं!"

तेव्हा पिसाळलेल्या कुत्र्याला ठार मारत, त्यात कुणी विचार करत नसे. चार माणसं काठ्या घेऊन धावली. दुसऱ्या कुणी ओरडलं असतं तर त्यांनी क्षणभर पाहिलं तरी असतं. पण घरचीच पोरगी सांगते म्हटल्यावर कशाला पाहतील? पहिली काठी मागच्या पायावर बसली. ते कळवळलं, पण पळालं नाही, कुणाला चावलं नाही. वडिलांच्या पुढं आड उभं राहिलं. पळून न्हाई राहिलं, म्हणजे पिसाळलंच, असं म्हणून त्यांनी दुसरी काठी उचलली. मी रडत होते, पण थांबा म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

तेवढ्यात वडिलांनी डोळे उघडले. काठी दिसली, कुत्रं दिसलं. ओरडायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्यांनी ओल्या सोवळ्यानं त्याला गळ्याशी ओढलं आणि उजवा हात, पूजेचा हात, सरळ त्याच्या तोंडात घातला. माणसं जागच्या जागी थिजली. कुत्र्यानं तो हात चाटला.

"मी पडलो म्हणून शिवलं ते," वडील म्हणाले. "पिसाळलं म्हणून ओरडलं कोण?"

मीच पुढं झाले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "मग तूच उचल त्याला," एवढंच म्हणाले, आणि एकाच्या आधारानं पुन्हा आंघोळीला विहिरीकडे गेले.

मला न पेलणारं ते कुत्रं मी कसं उचललं, मलाच ठाऊक. वाटभर ते कण्हत होतं, आणि कण्हता कण्हता माझा हात चाटत होतं. त्या बिचाऱ्याला काय माहीत काठ्या कुणी बोलावल्या, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. पण माझा आवाज ते गावाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखायचं.