दत्तूकाकांचा उजवा हात

काकांबद्दल लिहिण्याचा अधिकार मला आहे का, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. मी त्यांचा नातेवाईक नाही, शेजारी नाही, त्यांच्या धंद्यातला तर मुळीच नाही. छापून यावं असं याआधी काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात साधं पत्रसुद्धा मास्तरांकडून लिहून घेत. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आठवड्यातून दोनदा त्यांचा हात मी केलेल्या यंत्रात असायचा, एवढीच आमची ओळख. त्यांना जाऊन दीड महिना झाला. पुण्याच्या कसब्यातली, त्यांना जन्मभर पाहिलेली माणसं माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं लिहितील. त्यांनी मला माफ करावं. पण एक गोष्ट अशी आहे की ती मीच सांगायला हवी... म्हणून लिहितो.

दत्तूकाका तांबट. तांब्याच्या घंगाळांवर, हंड्यांवर हातोड्याचे सारखे ठोके देत मठारायचं काम त्यांनी चाळीसेक वर्षं केलं. मग पक्षाघाताचा झटका आला. चालणं सुधारलं, बोलणं तर जास्तच धारदार झालं, पण उजवं मनगट मेलं ते मेलंच. मी वाशीमकडचा, घरातला पहिला कॉलेजात गेलेला. वर्गातली मुलं सॉफ्टवेअर कंपन्यांच्या परीक्षांची तयारी करत होती, सगळ्यांना खराडीतली आयटी ऑफिसं दिसत होती. मी मात्र प्रोजेक्टसाठी मोटरच्या नियंत्रणाचा विषय घेऊन बसलो होतो. एका छोट्या उपचार केंद्रातल्या फिजिओथेरपिस्ट नीलिमा मॅडमनी मला मागची खोली वापरायला दिली. फळीवर हात ठेवायचा, तळवा पट्ट्याने मोटरला जोडलेल्या मुठीला बांधायचा आणि मोटरने मनगट वर-खाली हलवायचं, असं ते यंत्र होतं. पहिला पेशंट म्हणून मॅडमनी काकांना पाठवलं.

पहिल्या दिवशी मी फार खूश होतो. पडद्यावर मी आखलेली रेघ आणि मनगट प्रत्यक्षात गेलं ती रेघ, दोन्ही एकावर एक बसल्या होत्या. आमच्या विषयात या दोन रेघांमधल्या फरकाला चूक म्हणतात आणि ती शून्यावर आणणं म्हणजे चांगलं नियंत्रण, असं आम्हाला शिकवलेलं. काका दहा मिनिटं हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अहो इंजिनिअर, यंत्राचा व्यायाम छान चाललाय. माझा कधी सुरू करणार?"

मॅडम हसू लागल्या. मी ओशाळलो. पण काकांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मोटर सगळं करत असेल तर हाताला आणि मेंदूला काही करायचं कारणच उरत नाही. काका पुढे म्हणाले, "आमच्यात शिकाऊ माणसाचा हात धरून कुणी ठोका मारून घेत नाही. वाकडा पडला तर पडू देतात. हाताला कळायला नको का, कुठे चुकलं ते?" एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावून पत्र्याचा तुकडा आणि हातोडा पुढ्यात ठेवला. मी तासभर ठोकत होतो. ते डाव्या हाताने चहा पीत बघत होते, पण एकदाही माझ्या मनगटाला त्यांनी हात लावला नाही. शेवटी पत्रा उचलून काकूंना म्हणाले, "बघ गं, याला देवी आल्यात." काकू आतून ओरडल्या, "तुमचा पहिला पत्रा ठेवलाय मी माळ्यावर. काढू का?"

त्यानंतर मी नियंत्रणाची रीतच बदलली. आधी हाताने प्रयत्न करायचा, तो मागे पडला तरच मोटरने थोडा टेकू द्यायचा. टेकू किती, हे प्रोग्रॅममधल्या एका आकड्यावर ठरायचं. पेशंटने स्वतः किती जोर लावला, त्याचा वाटा पडद्यावर दिसायचा. काकांचा वाटा आधी जवळजवळ काहीच नव्हता. महिन्याभरात तो किंचित वाढला... आणि तिथेच थांबला. तीन आठवडे हलला नाही. काका घामाघूम व्हायचे, कपाळावरची शीर फुगायची, मनगट मात्र अर्ध्या वाटेवर थरथरत राहायचं.

एका गुरुवारी ते म्हणाले, "खरं सांगा मला. हात यायचा नसेल तर हत्यारं पुतण्याला देऊन टाकतो. गंज चढवून ठेवण्यात काय अर्थ? पण येणार असेल तर एक हातोडासुद्धा देणार नाही." मी मॅडमकडे पाहिलं. त्या दुसऱ्या पेशंटमध्ये गुंतल्या होत्या. मला उत्तर माहीत होतं. निदान तीन आठवड्यांच्या आकड्यांवरून तरी माहीत होतं. पण त्या माणसाच्या तोंडावर ते म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी म्हणालो, "आजचं बघू, मग सांगतो." ते पाणी प्यायला बाहेर गेले तेवढ्यात मी टेकूचा आकडा वाढवला, जवळपास दुप्पट. वाटा काढायचं सूत्र मात्र जुन्या आकड्यावरच ठेवलं. म्हणजे मोटरने लावलेला जादा जोर काकांच्या नावावर दिसणार होता.

मनगट सावकाश वर गेलं, पार वरपर्यंत. पडद्यावर निम्म्याहून जास्त वाटा. काकांनी पडद्याकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलं.

"हे मीच केलं?"

"हो काका. तुम्हीच."

"बरं," ते म्हणाले. पट्टा सोडून घेतला आणि उठले. हत्यारांचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. हत्यारं ठेवलेली दिसतात, असं मी समजलो. पुढच्या तीन आठवड्यांत मी तो आकडा थोडाथोडा करून पूर्वीच्या जागी आणला, आणि ते तीन आठवडे अहवालातून वगळले. काका परीक्षेपर्यंत एकही दिवस चुकले नाहीत. परीक्षकांसमोर मुद्दाम इस्त्रीचा सदरा घालून आले. परीक्षकांनी माझं कौतुक केलं तेव्हा म्हणाले, "पोरगं मेहनती आहे. पत्रा तेवढा त्याच्या हातात देऊ नका."

मग मलाही खराडीत नोकरी लागली. तिथे मोटर नव्हती, हात नव्हते, दिवसभर फक्त पडदा. काकांना जाऊन सांगायचं, हे रोज मनात यायचं. ते बिचारे त्या हत्यारांना तेल लावत बसले असतील, माझ्या एका आकड्यावर विसंबून... पण रविवार आला की काही ना काही निघायचं, किंवा मीच काढायचो. आठ महिने गेले. एक दिवस नीलिमा मॅडमचा फोन आला, की काकांना पुन्हा झटका आला होता, गेले, दिवसही होऊन गेले.

त्या रविवारी मी मंडईपासून चालत कसब्यात गेलो. गल्लीत ठोके चालू होते. काकूंनी ओळखलं, बसायला दिलं. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं, आकडा, सूत्र, सगळं. म्हटलं, माझ्यामुळे ते खोट्या आशेवर राहिले.

काकूंनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "हत्यारं त्याच गुरुवारी संध्याकाळी दिली रे त्यांनी पुतण्याला. मी म्हटलं, अहो, आज तर हात वर गेला म्हणता ना? तर म्हणाले, मशीनने नेला. मला कळत नाही का, जोर कुणाचा ते? त्या पोराला खोटं करावं लागलं, म्हणजे हात काही येत नाही."

"मग ते पुढे येत का राहिले, काकू?"

"तुझी परीक्षा व्हायची होती ना." त्यांनी पदराने डोळे टिपले. "म्हणायचे, परीक्षा झाली की येईल तो, आपणहून सांगेल. दर रविवारी बाहेरून आले की विचारायचे, आला होता का म्हणून."