वेळेआधी फेडलेला नवस

अणशीच्या रानातल्या वाडीत लखूसारखा शब्दाचा पक्का माणूस दुसरा नव्हता. शेजाऱ्याने लावणीला एक दिवस हात दिला, तर लखू त्याच्या शेतात दोन दिवस राबायचा. माणसाने इतकंही चोख असू नये. पण त्याला ते सांगणार कोण?

त्याची लेक रक्षिता आठ वर्षांची. तिच्या मानेला गाठ आली. एका डॉक्टरने तापाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने टीबीचं औषध दिलं, आणि गाठ लिंबाएवढी झाल्यावर तिसऱ्याने बेळगावला धाडलं. तिथे कॅन्सर निघाला. वर तिथल्या सगळ्यांनी सुनावलं, 'इतके दिवस काय करत होता?' जणू लखू घरी झोपाच काढत होता!

लखू गावदेवाला नवस बोलला: पोर बरी होऊ दे, बोकड कापून गाव जेवू घालीन.

बेळगावच्या दुसऱ्या सुईनंतर गाठ विरघळली. पोर भात मागून खाऊ लागली. अजून सहा महिने सुया घ्यायला यायचं, असं नर्सबाईने घाईघाईत सांगितलं. कशासाठी, ते सांगायला तिला सवड नव्हती. गाठच गेली, तर सुया कुणाला? देवाचं देणं अंगावर ठेवायला नको म्हणून लखूने घरी येताच नवस फेडला. गावाने आडवा हात मारला.

पुढची तारीख आली तशी त्याच्या बायकोने, सोनालीने, पिशवी भरली. गावातले वडीलधारे गुरुदासमामा ओट्यावर येऊन बसले.

"नवस फेडलास न्हवं? आता परत दवाखान्यात न्हेलीस, तर देवाला खोटा पाडल्यागत व्हतंय."

लखूने पिशवी रिकामी करून खुंटीला टांगली. सोनाली भांडली, रडली, दोन दिवस जेवली नाही. तारीख गेली. तिच्यामागून आणखीही गेल्या.

गाठ परत आली ती छातीत उतरूनच. या खेपेला बेळगावला कुणी लखूला बोल लावला नाही. पोरीला घरी न्या, एवढंच म्हणाले. महिनाभरात रक्षिता गेली.

भेटायला आलेल्यांत मामाही होते. "देवाचं कायतरी कमी पडलं," ते हळूच म्हणाले. "बोकड जरा ल्हानच व्हता, लखू."

"बोकड न्हाई कमी पडला!" सोनाली आतून ओरडली. "सुया कमी पडल्या माझ्या पोरीला!"

कुणी वर पाहिलं नाही. लखू नखाने जमीन उकरत बसला.

"व्हय मामा," तो म्हणाला. "ल्हानच व्हता."