एका वाक्यापायी सोडलेलं पुणे

बाबांना घेऊन मी पुणे सोडलं, तेव्हा निरोपाला खाली फक्त शेजारचे काका उतरले. "बरं झालं जाताय," ते म्हणाले. "सोसायटीलाही त्रास होत होता." टॅक्सी सुटेपर्यंतही ते थांबले नाहीत.

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे आणि सातवीचं पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या समितीवर होते. आपल्याच राजाच्या फौजेने मोहिमेवर जाताना वाटेतल्या गावांची उभी पिकं कापून नेली, असं एक वाक्य त्यांनी लिहिलं होतं. एका संघटनेला तो राजाचा अपमान वाटला. समितीने वाक्य काढलं. मग त्या गावांच्या बाजूने बोलणारी दुसरी संघटना आली, आमचे हाल का पुसले म्हणून. समितीने दोघांनाही बाबांचं नाव सांगितलं.

पहिल्या संघटनेचे लोक शाळेच्या स्नेहसंमेलनातच आले. त्यातले दोघे बाबांचेच विद्यार्थी. एकजण म्हणाला, "सर, चष्मा तेवढा काढा, खराब होईल." बाबांनी काढला. मग त्यांच्या तोंडावर शाई ओतली. समोर पालक बसले होते. कुणी उठलं नाही. दुसऱ्या संघटनेने पत्रक काढून बाबांना भेकड म्हटलं. मुख्याध्यापक म्हणाले, "आपण आता विश्रांती घ्या."

बंगळुरूत मला बरं वाटलं. ऑफिसची कॅब, दाराशी येणाऱ्या डिलिव्हऱ्या, लिफ्टमध्ये कन्नड, हिंदी, इंग्लिश. बाबा इथे नुसते 'अंकल' होते. वाटलं, हळूहळू विसरतील. विसरलेही. आधी जेवलोय की नाही ते, मग आईचं नाव.

माझ्या मुलीला मी ते वाक्य सांगितलं होतं. एका संध्याकाळी तिने विचारलं, "आजोबा, आपल्या फौजेने खरंच पिकं नेली होती?"

बाबा खुर्चीत ताठ झाले. "नाही. कधीच नाही. एक कणीससुद्धा नाही," पाठ केल्यासारखं भरभर म्हणाले. मग ओंजळीत तोंड लपवून त्यांनी हळूच विचारलं, "गेले का ते?"

त्यानंतर थोड्याच महिन्यांत ते वारले. पुण्याहून फोन आला. माजी विद्यार्थ्यांना शोकसभा घ्यायची होती, फोटो हवा होता. "सर फार निर्भीड होते," फोन करणारा म्हणाला. मी फोटो पाठवला नाही.

तुम्ही नातेवाईक पुण्याहून विचारता, आता सगळं शांत आहे, घरी कधी येतेस? शांत असणारच. पुस्तकात ते वाक्य नाही, शाळेत ते सर नाहीत. माझी मुलगी कुणी विचारलं की सांगते, "आय ॲम फ्रॉम बँगलोर." मी तिला दुरुस्त करत नाही.