टाकाखालचे ठोके

हैदराबादेत, नारायणगुड्याच्या रेणूचं काम मोबाइलचे अँटेना तपासायचं. अंगावरच्या धातूने लहरींचं काय होतं, हे ती रोज मोजते. चष्म्याची दांडी, कडं, साखळी. धातू जवळ आला की लहर वळते. कधी बाहेर कमी जाते, कधी शरीर जरा जास्त शोषून घेतं. घरातला धातू मात्र तिला दिसला नाही.

तिची आई गंगूबाई मलकपेठच्या बाजारात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी छातीवर एक पट्टी चिकटवली. ती पट्टी हृदयाचे ठोके बिनतारी फोनला कळवायची. ठोक्यांत खंड पडलेला दिसला, की पेसमेकर बसवायचा. पण नोंद तुटक येत होती. दुसऱ्यांदा चक्कर आली, तेव्हाची तर कोरीच.

मग रेणूने आईचा पदर बाजूला केला. पट्टीवर चांदीचा टाक टेकला होता. त्यावर बाईची आकृती, नाकडोळे झिजून गेलेले. ती रेणूच्या वडिलांची, एकनाथरावांची पहिली बायको, मालती. रेणूला जन्म देऊन गेलेली. गंगूबाई दुसरेपणावर आली, तेव्हा सासूने हा टाक तिच्या गळ्यात घातला. पहिलीचा कोप नको म्हणून. सणाला आधी तिला कुंकू, मग स्वतःला.

"आई, हा काढ. यानेच सिग्नल अडतोय."

"पट्टी सरकव की."

"डॉक्टरांनी जागा बघून लावलीय ती."

"मग पाठीवर सोडते."

"पुन्हा पुढे येईल. अगं, चांदीचा पत्रा आहे तो."

"तुझी आई आहे. तुला काय आठवणार? तुला गोवर निघाला, तेव्हा काय करू म्हणून मी हिलाच विचारलं."



एकनाथराव पेपर खाली न करता म्हणाले, "काढ ना. मी कधी घाल म्हटलं होतं?"

गंगूबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने टाक उतरवून त्यांच्या हातात दिला.

"आता तुम्ही सांभाळा."

नोंद सलग येऊ लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून फोन आला. मोठे खंड पडताहेत, आत्ताच घेऊन या.

रिक्षा दारात आली. गंगूबाई उंबऱ्यापाशी थांबली.

"अहो, टाक आणा."

एकनाथरावांनी खिसे चाचपले. टेबलाचा खण उघडला. फ्रिजवर बघितलं. "इथंच कुठं तरी ठेवला होता."

"आई, चल. बाबा आणतील मागून." रेणूने तिचा हात धरला. हात गार होता.

"तिला टाकून?"

गंगूबाई पायरीवर बसली. आत खण उघडत होते, मिटत होते. रिक्षावाल्याने हॉर्न दिला. तिने मान वर केली.

"ठैरो भय्या. और एक जनी आना है."