बिनबिल्ल्याची वाघूर

सोमवार, दिवाळी नुकतीच सरलेली, सन १९७५. सुरतेजवळ उधन्याच्या शेडमागचं अंगण, सकाळ. हजर: निर्मलावहिनी, तिचे दोघे भाऊ, भुसावळहून रात्रीच्या गाडीने आलेले, कासमभाई मिस्त्री, शेडवरचे लोहार, सुतार, रंगारी झाडून सगळे, डिंडोलीत राहणारे आमच्या गावाकडचे लोक, माझे यजमान आणि मी. गैरहजर: ज्यांनी ज्यांनी दत्तूदादाने बांधलेली मोटार विकत घेतली होती, ते सगळे.

हजेरी घ्यायची ही वेळ नव्हती, हे मला कळतं. पण आदल्या संध्याकाळी निरोप आला तेव्हापासून मी हेच करत होते. कुणाला तार, कुणाला फोन, बर्फ कुठून, लाकडं कुणी सांगायची... दादा शेडमध्ये एका ट्रकचं मडगार्ड ठोकत होता, हातोडी खाली ठेवून पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेला. माझा हा आतेभाऊ अवघा पन्नाशीचा होता. त्याच्यासाठी रडायला मला दुपार उजाडली. तोवर स्टेशन रोडच्या शोरूमचे जशुभाई मोठं पुष्पचक्र घेऊन आले. दुःख त्यांना खरंच झालं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण चक्राला एक पुठ्ठा बांधलेला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत मुंबईच्या मोटार कंपनीचं नाव छापलेलं होतं. ते त्यांनी दादाच्या छातीवर ठेवलं. वहिनी उठली, तिने पुठ्ठ्याचा दोरा दाताने तोडला आणि पुठ्ठा माझ्या हातात दिला. “हे ठेव कुठंबी. त्याच्या अंगावर नको.” जशुभाई बिचारे बघतच राहिले. ते गोंधळले यात नवल नाही. त्यांना सगळं माहीत होतं, पण ते इतकं खोल गेलं असेल याची त्यांना कल्पना नसावी.

दादा जामनेरकडचा. साठ-एकसष्टच्या सुमाराला सुरतेत आला, पहिले काही महिने आमच्याच घरी होता. तेव्हा मी नुकतीच एका डाइंग हाउसच्या कचेरीत लागले होते. त्याने उधन्याला जागा भाड्याने घेतली आणि ट्रकच्या बॉड्या बांधायला सुरुवात केली. कापडाची गाठोडी वाहायला ट्रक लागत होतेच, काम भरपूर मिळालं. दादाचं काम चोख होतं, त्याच्या ट्रकचं फाळकं कधी खडखडलं नाही. पण ट्रक रस्त्यावर गेला की त्यावर नाव चासीवाल्या, म्हणजे खालचा सांगाडा बनवणाऱ्या कंपनीचं, मागे नाव मालकाचं, आणि मध्ये कुणाच्या तरी आईचा आशीर्वाद. “आपण नुसते शिंपी,” तो म्हणायचा. “कोट घालून साहेब मिरवतो.” हे तो हसत म्हणायचा, त्यामुळे आम्हीही हसायचो.

मग एका पारशी गृहस्थांची विलायती दोन माणसांची मोटार झाडावर आपटून त्याच्याकडे आली. ती दुरुस्त करताना दादा पार बदलून गेला. जेवायला बोलावलं तर ताटातल्या पोळीला वळण देऊन मला मडगार्डची गोलाई दाखवायचा. वहिनी म्हणायची, “खा ती. गार झाली का पुन्हा ठोकत बसाल.” ती मोटार परत गेली आणि दादाने ठरवलं, अशी गाडी आपण बांधायची. इंजिन आणि चासी मुंबईच्या कंपनीची, म्हणजे ज्या गाडीतून मामलेदार, डॉक्टर आणि लग्नाची वऱ्हाडं फिरत त्याच साध्या घरगुती मोटारीची. वरचं अंग सगळं आपलं: बुटकं, लांब नाकाचं, दोनच दारं, टप काढता येणारा. नाव वाघूर. आमच्या गावाजवळून वाहणारी नदी ती. पुढे तापीला मिळते, म्हणजे तिचं पाणी शेवटी सुरतेलाच येतं, हे तो प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा.

कंपनीशी पत्रव्यवहार मी केला, माझ्या कचेरीच्या टाइपरायटरवर, साहेबांच्या परवानगीने. जशुभाईंनी मध्यस्थी केली आणि चासी मिळू लागल्या. पहिली वाघूर अडुसष्टच्या हिवाळ्यात तयार झाली, गुलबक्षी रंगाची. आज सांगते, इतकी देखणी वस्तू माझ्या ओळखीच्या कुणी हाताने केलेली मी दुसरी पाहिली नाही. दादाने ती चौकात नेऊन उभी केली. गर्दी जमली. दादा हाताची घडी घालून बाजूला उभा होता, नव्या परीटघडीच्या शर्टात. एक म्हातारे शेठ पुढे आले, वाकून आत पाहिलं, दाराची मूठ फिरवली, हॉर्न वाजवला आणि मोठ्याने हसले. “अरे, आ तो पेली ज गाडी! खाली टोपी बदली छे!” तीच गाडी, नुसती टोपी बदललेली! सगळी गर्दी हसली. मूठ घरगुती मोटारीचीच होती, हॉर्नही तोच. शेठना दोष देता येत नाही.

दादा घरी येऊन जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने एकच काम हाती घेतलं: या गाडीत त्या गाडीचं काहीही ओळखू येता कामा नये.

मुठी त्याने पितळेच्या ओतून घेतल्या. हॉर्न बदलला, दिवे बदलले, वेगाच्या काट्यामागची तबकडी रंगाऱ्याकडून नव्याने रंगवून घेतली. इथवर मला पटत होतं. ज्याला वेगळी वस्तू विकायची त्याने ती वेगळी दाखवायला हवी. पण मग तो बॉनेटच्या आत शिरला. एकदा मी चहा घेऊन शेडमध्ये गेले तर कासमभाई खाटेवर बसून पाण्याच्या पंपावर कानस घासत होते. पंपावर कंपनीचं चिन्ह आणि नंबर उठवलेला असतो, तो घासून सपाट करत होते. शेजारी घासलेल्या वस्तूंचा ढीग. सरकारी नियमाचे चासीचे आणि इंजिनाचे नंबर तेवढे दादाने सोडले होते.

“आ शुं चाले छे, कासमभाई?” मी विचारलं.

“बेन, मुंडन,” ते म्हणाले. “तमारा भाई के छे के जावळ काढल्यावर पोरगं आपलं.”

दादा मागून आला. मी म्हटलं, “दादा, इंजिन त्यांचं, गिअर त्यांचे. नाव घासून काय होणार?”

“मले सांग शालू, तू लग्नानंतर माहेरचं नाव लावते का?”

“नाही लावत. पण शाळेच्या दाखल्यावर आहे ना. लागला की काढून दाखवते.”

“दाखला कोण पाहतो!”

“अडलं की सगळेच पाहतात.”

तो हसला, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि चहा घेतला. कासमभाईंची कानस थांबली नव्हती.

त्यानंतर जशुभाई स्वतः चालून आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. नाकावर कंपनीचा बिल्ला लावा, मागे डिकीवर वाघूर लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. मग आम्ही आमच्या शोरूममध्ये उभी करू, विकू, आमचे मिस्त्री दुरुस्त करतील, सामान आम्ही पुरवू. “दत्तुभाई, माणस गाडी नथी लेतो, भरोसो ले छे,” ते म्हणाले. कंपनीने तोंडी होकारही दिला होता. मी तिथेच होते, वहिनीही दारात उभी होती, आणि आम्हा दोघींना वाटत होतं की देवच भेटला. दादाने शांतपणे विचारलं, “रस्त्यावर उभी असली तर समोरून येणारा माणूस पहिलं काय वाचेल? नाकावरचंच ना?” जशुभाई म्हणाले, “ए तो छे.” “मग ती तुमची गाडी झाली,” दादा म्हणाला. “मी पुन्हा शिंपी.” जशुभाईंचा चहा तसाच राहिला. ते गेल्यावर वहिनी म्हणाली, “शिंप्याची पोरं उपाशी मरत नाहीत.”

बिल्ला न लावता गाड्या विकल्या गेल्या, अगदी थोड्या. हौशी, पैसेवाल्या लोकांना. त्यातली एक पलसाण्याच्या एका रंगाई कारखानदाराच्या मुलाने घेतली. त्याचं नवीनच लग्न झालं होतं. वैशाखात दोघं टप काढून हायवेने निघाली आणि गाडी तापून बंद पडली. पाण्याचा पंप गेला होता. रस्त्याच्या कडेला गॅरेज होतं, मिस्त्री चांगला होता, आणि त्याच्या फळीवर हाच पंप ठेवलेला होता, कारण त्या घरगुती मोटारी रोज त्या रस्त्याने जातात. पण वाघूरच्या पंपावर ना चिन्ह ना नंबर, वर दादाने बसवलेलं वेगळं झाकण. मिस्त्रीने सगळीकडून पाहिलं, अशी गाडी त्याने कधी पाहिलीच नव्हती, आणि हात पुसले. “आवी गाडी में जोई ज नथी. विलायती हशे, सामान मुंबई मळशे.” नवी नवरी डोक्यावर पदर घेऊन बाभळीखाली बसली आणि शेवटी कापडाच्या ट्रकला दोर बांधून गाडी उधन्याला आली. कासमभाईंनी आमच्या कपाटातला साधा पंप काढला आणि बसवला. गाडी लगेच सुरू झाली.

तो मुलगा संतापाने लाल झाला होता. “काका, ए ज पंप त्यां फळी पर पड्यो हतो!”

दादाने त्याला एकच विचारलं, “म्हणजे त्याले ओळखता नाही आलं?”

त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला विसरता येत नाही. परीक्षेत पास झाल्यासारखा. बाई किती वेळ उन्हात बसली, हे त्याच्या मनातही आलं नाही. मुलाने किल्ली टेबलावर टाकली आणि चालत निघून गेला, नवरी त्याच्या मागोमाग. ही गोष्ट पलसाण्यापासून वराछापर्यंत सगळ्या गॅरेजांत पोचली. वाघूर आली की मिस्त्री लांबूनच हात हलवायचे. ज्यांनी घेतल्या होत्या त्यांनी त्या पडवीत उभ्या केल्या, मग भंगारात घातल्या. पेट्रोल महागलं तेव्हा उरलेले हौशीही गेले. त्याआधीच कंपनीने चासी देणं थांबवलं होतं. कुणाकडून तरी त्यांना घासलेल्या नंबरांचं कळलं होतं.

शेड पुन्हा ट्रकवर आली. वाघूर एकच उरली, गाभुळलेल्या चिंचेच्या रंगाची. संध्याकाळी काम संपलं की दादा तिच्यात जाऊन बसायचा, स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून. बाहेर काढायचा नाही. मी एकदा बाजूला जाऊन बसले. तो म्हणाला, “शालू, हिला पाहून कुणीबी म्हणणार नाही, ही त्यांची.” मी म्हटलं, “नाही म्हणणार.” खरं होतं ते. ती कुणाचीच राहिली नव्हती.

आता तो जाऊन दीड महिना होत आला. त्याच्यामागे उरलेल्या कामांची यादी मी केली, निर्मलावहिनीने होकाराची मान हलवली म्हणून. अर्धवट ट्रक कासमभाईंनी पुरे करून दिले. विजेचं मीटर वहिनीच्या नावावर झालं. मृत्यूचा दाखला आणला. शेडचा अर्धा भाग भाड्याने गेला, तिथे आता यंत्रमाग येणार आहेत. जागा रिकामी करून द्यायची आहे. गाडीला एकच गिऱ्हाईक आलं, बारडोलीचे एक डॉक्टर. सज्जन माणूस. त्यांना गाडी मनापासून आवडली, दाराची पितळी मूठ त्यांनी दोनदा उघडून मिटली. अट एकच: नाकावर कंपनीचा बिल्ला बसवून द्या, म्हणजे वाटेत बंद पडली तर मिस्त्रीला कळेल कुठलं सामान लागतं. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. बिल्ला नसेल तर गाडी भंगारवाला नेणार, पत्र्याच्या भावाने. तिसरा मार्ग नाही; मी सगळीकडे विचारलं आहे.

कासमभाई म्हणाले, “बेन, बीजुं कांई पण कहो.” दुसरं काहीही सांगा, हे नको. वहिनी म्हणाली, “तू कर. तुले जमते.” मग मी स्वतः शोरूमला गेले. जशुभाईंनी बिल्ला कागदात गुंडाळून दिला, पैसे घेतले नाहीत. त्याला मागे दोन खिळे आहेत, म्हणजे नाकाला दोन भोकं पाडावी लागतात. रविवारी मी शेडमध्ये गेले. माप घेतलं, खडूने दोन खुणा केल्या, हातड्रिल काढलं, त्यात पातं बसवलं. तिथला पत्रा दादाने एकाच तुकड्यातून काढलेला आहे, जोड नाही, डाग नाही. हात फिरवला की कुठे थांबत नाही. मी ड्रिल टेकवलं, आणि खाली ठेवलं.

डॉक्टरांना पुढच्या रविवारी या म्हणून कळवलं होतं. ते आले, चहा घेऊन परत गेले. यंत्रमागवाले महिनाअखेरीला येतील. बाकी सगळ्या कामांवर मी खूण केली आहे. दोन भोकं पाडायची राहिली आहेत.